पिपीलिकसुवर्ण : एक पाठ व एक शोध

मुंग्यांनीं उकरलेल्या सोन्याची कथा ग्रीक ग्रंथांत व महाभारतांत अशी दोन्हीकडे आढळते, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस विदितच आहे. फ्रेंच प्रवासी मिशेल पेसेल यांनीं १९८४ सालीं ‘मुंग्यांचें सोनें’ अशा अर्थाच्या नांवाचा एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानें या कथेचें कोडें कायमचें सुटलें, असें अलीकडे सिद्धवत् लिहिलें जातें. तो ग्रंथ व सभापर्वांतील मूळ स्थळ हीं शेजारीं ठेवून आम्हीं वाचलीं. ग्रीक कथेपुरता हा शोध विचारार्ह आहे. परंतु महाभारतावर तो लादतां येत नाहीं, असें आमचें मत झालें आहे. त्याचीं कारणें पुढें देत आहों.

प्रथम पूर्वपक्ष. हिरोडोटस आपल्या इतिहासाच्या तिसऱ्या भागांत सांगतो कीं, उत्तरेकडील कांहीं हिंदी लोक वाळवंटांत जातात. तेथें कुत्र्याहून लहान पण कोल्ह्याहून मोठ्या अशा मुंग्या बिळें करितांना सुवर्णमिश्रित वाळू वर टाकितात. भर उन्हांत त्या बिळांत शिरल्या म्हणजे ती वाळू पोत्यांत भरून हे लोक उंटांवरून पळ काढितात. मेगॅस्थिनीसचा वृत्तांत स्ट्रेबोनें जतन केला आहे. त्यांत या लोकांस दर्दाई, म्हणजे आपले दरद, असें नांव असून, मुंग्या हिवाळ्यांत जमीन उकरितात व त्या सोन्यास फारसें आटवावें लागत नाहीं, असा अधिक मजकूर आहे. पेसेल यांचें म्हणणें असें कीं, ही मुंगी म्हणजे मार्मोट हा खारीच्या कुळांतील मोठा बिळकरी प्राणी होय. सिंधूच्या वरच्या खोऱ्यांत दानसर नांवाचें पठार आहे. या प्राण्यानें उपसलेल्या तेथील मातींतून आपले पूर्वज सोनें मिळवीत, असें मिनारो लोकांनीं त्यांस सांगितलें.

या ग्रंथाचा गुण मोकळेपणानें मान्य केला पाहिजे. मार्मोटची कल्पना एकोणिसाव्या शतकांतच निघाली होती. पण ती मांडणारे बहुतेक घरीं बसून लिहीत होते. पेसेल हे त्या मुलुखांत हिंडले व तेथील लोकांच्या तोंडून परंपरा ऐकून आले. प्राण्यानें खालची माती वर आणावी व तीवरून खनिजाचा सुगावा लागावा, यांतही अशक्य असें कांहीं नाहीं. ऑस्ट्रेलियांत वाळवीच्या वारुळांतील मातींत सोन्याचा अंश अलीकडे शास्त्रज्ञांस आढळला आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत भूमिगत जलाचें लक्षण म्हणून वारूळ सांगितलें, तोच हा न्याय.

आतां सभापर्व. युधिष्ठिराच्या राजसूयांत आलेल्या करभाराचें वर्णन दुर्योधन धृतराष्ट्रापुढें करितो. त्यांत मेरु व मंदर यांच्या मध्यें, शैलोदा नदीच्या तीरीं, वेळूंच्या छायेंत राहणाऱ्या राजांनीं ‘पिपीलिक’ नांवाचें जातरूप राशीच्या राशी आणलें, असें म्हटलें आहे. नीलकंठी पाठांत या सोन्याचें विशेषण ‘उद्धृत’ असें आहे, म्हणजे मुंग्यांनीं वर काढलेलें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तींत मात्र सभापर्वाचे संपादक फ्रँकलिन एजर्टन यांनीं ४८ व्या अध्यायांत ‘वरदत्त’ हा पाठ स्वीकारला आहे, म्हणजे मुंग्यांनीं वर म्हणून दिलेलें. पाठनिर्णयाचा सामान्य नियम असा कीं, लेखक दुर्बोध शब्दाच्या जागीं सुबोध शब्द घालतो, उलट सहसा करीत नाहीं. ‘उद्धृत’ हा शब्द कोणासही कळेल. तो पुसून ‘वरदत्त’ लिहिण्याचें प्रयोजन कोणास पडावें? याच्या उलट, मुंग्या वर कसा देतील या शंकेनें अडलेल्या एखाद्या लेखकानें ‘उद्धृत’ घालून अर्थ सरळ केला असणें सहज शक्य आहे. हें अनुमान खरें असल्यास मुंग्यांनीं भूमि उकरल्याची गोष्ट या श्लोकांत मुळांत नव्हतीच. मग उकरणारा प्राणी कोणता, हा प्रश्न महाभारतास विचारणेंच अप्रस्तुत ठरतें.

दुसरा मुद्दा मापाचा. हें सोनें ‘द्रोणमेय’ म्हटलें आहे. सोनें तोलावयाचें तें गुंजा, माष, सुवर्ण या मानांनीं. कौटिल्याच्या मतें १६ माषांचा एक सुवर्ण होतो. द्रोण हें ४ आढकांचें, धान्य मोजण्याचें माप. दुर्योधन मत्सरानें बोलत आहे, तेव्हां अतिशयोक्ति असेल, हें कबूल. पण अतिशयोक्तीच करावयाची तर ती भारांनींही करितां आली असती. धान्याचें माप सुचलें, तें डोळ्यांपुढें कणरूप सोनें होतें म्हणून, असें आम्हांस वाटतें. कौटिल्यही जातरूप, रसविद्ध व आकरोद्गत असे सोन्याचे भेद करून नैसर्गिक जातरूप खाणींतील सोन्याहून वेगळें काढितो. काव्यांत जातरूप शब्द कोणत्याही सोन्यास लागतो, म्हणून या पुराव्यावर आम्ही अधिक भार देत नाहीं. तथापि, मुंगीएवढ्या कणांचें म्हणून ‘पिपीलिक’ असें व्यापाऱ्यांनीं नांव पाडलें असणें असंभाव्य नाहीं.

तिसरा मुद्दा स्थळाचा. पेसेल यांच्या निर्णयास खरी अडचण येथेंच आहे. या श्लोकांत खस, कुणिंद, तंगण, परतंगण यांचीं नांवें आहेत, दरदांचें नाहीं. कुणिंदांचीं नाणीं सतलज व यमुना यांच्या वरच्या टापूंत सांपडतात. तंगणांस विद्वान् गढवालाकडे ठेवितात. चवऱ्या व हिमालयांतील मध हा त्यांचा इतर करभारही डोंगरी व्यापाराचाच आहे. या वाटा दानसरकडे जात नाहींत, पश्चिम तिबेटाकडे जातात. तेथें ठोक जालुंग येथील सोन्याच्या खाणी पंडित नैनसिंग यांनीं १८६७ सालीं पाहिल्या. उंची १६,००० फुटांवर. वारा इतका कीं, तंबू खड्ड्यांत ठोकलेले. माणसें लांब दांड्यांच्या फावड्यांनीं माती काढून पाण्यांत धुणारीं. गोठलेली माती ढासळत नाहीं, म्हणून हिवाळ्यांत तेथें गर्दी अधिक. हिवाळ्यांत उकरणाऱ्या मुंग्यांचें मेगॅस्थिनीसचें वाक्य येथें कोणासही आठवेल. डॅनिश इतिहासकार शिअर्न यांनीं याच वृत्तांतावरून या ‘मुंग्या’ म्हणजे कातडीं पांघरलेलीं माणसेंच, असें मत मांडलें होतें. तें सर्वस्वीं सिद्ध झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पण मार्मोटच्या कौतुकांत तें मागें पडावें, इतकें दुबळेंही नाहीं.

प्राणी कोणताही धरला, तरी तो वर आणील ती माती. तिचें सोनें होण्यास पाणी व मनुष्याचा हात लागतो. सराफकट्ट्यावरची धूळ व राख धुणारा झारेकरी ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस हें सांगणें नको. पाटीभर मातींतून त्याच्या हातीं गुंजभर सोनें लागलें तर दिवस साधला. महानदीच्या वाळूंत सोनें धुणारे सोनझारे याच धंद्याचे. सभापर्वांतील राजांनीं राशी आणल्या. त्या कोणीं धुतल्या, हें दुर्योधन सांगत नाहीं. ग्रीकांनीं हें श्रेय मुंगीस दिलें व पेसेल यांनीं तें मार्मोटच्या पदरांत टाकलें. धुणारा मनुष्य तिन्ही ठिकाणीं मागेंच राहिला.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. आमचा पहिला मुद्दा सर्वस्वीं पाठावर अवलंबून आहे. ज्यांच्या घरीं किंवा मठांत सभापर्वाची जुनी पोथी असेल, त्यांनीं द्यूतपर्वांतील हें स्थळ काढून पाहावें आणि पाठ ‘उद्धृत’ आहे कीं ‘वरदत्त’, समासांत शोध किंवा टिप्पण आहे काय, व पोथीचा शक कोणता, एवढें मंडळास कळवावें. ‘वरदत्त’ हा पाठ मागाहून शिरला असें पोथ्यांवरून ठरल्यास आम्ही आपला पहिला मुद्दा मागें घेऊं. मापाचा व स्थळाचा मात्र तेव्हांही उभा राहील.