वस्तीचा निधी, गावाचा निर्णय

दलित वस्तीसाठी शासनाने काय केले, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे रुपयांत दिले जाते. किती लाख मंजूर झाले, किती खर्च पडले, आराखड्यात किती वस्त्या आल्या. हे उत्तर खोटे असते असे नाही. पण ते अपुरे असते. पैसा आला म्हणजे सेवा आली, आणि वस्तीच्या नावाने आला म्हणजे वस्तीच्या इच्छेने खर्च झाला, अशी दोन गृहीतके त्या उत्तरामागे उभी आहेत. ही दोन्ही गृहीतके तपासणे, हा या लेखाचा हेतू आहे.

भंडारा जिल्ह्यातील ज्या गावात मी वाढलो, तेथील आमच्या मोहल्ल्यात सिमेंटची नाली आहे. ती वस्ती सुधारणेच्या निधीतून झाली. ती मोहल्ल्याच्या शेवटच्या घरापर्यंत नीट जाते आणि तेथेच संपते. पुढे धानाची बांधी आहे आणि ती मोहल्ल्यातील कोणाची नाही. बांधीच्या धुऱ्याने पाणी काढून द्यायला मालक तयार नाही, आणि त्याला विचारण्याची ग्रामपंचायतीची तयारी नाही. त्यामुळे साऱ्या मोहल्ल्याचे सांडपाणी त्या शेवटच्या घरासमोर साचते. कागदावर काम पूर्ण आहे. मोजमाप पुस्तिकेत नालीचे मीटर बरोबर भरतात. त्या घरातील आजी मात्र मला विचारते, "नाली झाली गा बाबू, पन पानी जाईन कुठी?" तिचा हा प्रश्न कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो. मला तो या साऱ्या योजनांची खरी कसोटी वाटतो.

प्रथम जे झाले ते मान्य केले पाहिजे. सगळेच नाकारणे सोपे असते, पण त्याने सत्य हाती येत नाही. माझी माय बिड्या वळून आम्हाला शिकवत होती तेव्हा पावसाळ्यात मोहल्ल्यातून शाळेत जायचे म्हणजे चपला हातात घ्याव्या लागत. आज तेथे सिमेंटचा रस्ता आहे, विजेचा खांब आहे, नळाची तोटी आहे. हे या निधीमुळे झाले. तो मिळावा म्हणून मोर्चे काढणाऱ्यांच्या श्रमामुळे झाले. हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण कृतज्ञतेपोटी चिकित्सा सोडून देणे, हेही आपल्या परंपरेत बसणारे नाही.

या योजनांच्या मुळाशी एक कल्पना आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. गाव हा एक समुदाय आहे, त्याला थोडा पैसा, थोडे तंत्रज्ञान आणि एक ग्रामसेवक दिला की तो आपला विकास आपण करील, असा त्यामागचा विश्वास होता. पण गाव हा एक समुदाय आहे काय? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत गावगाड्याच्या या गोडव्यावर कठोर प्रहार केला होता. त्याच्याही आधी, १९४२ च्या जुलैत नागपूर येथे भरलेल्या दलित वर्गाच्या अखिल भारतीय परिषदेने दलितांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात ती मागणी घटनात्मक भाषेत मांडली गेली. तिचा अर्थ स्पष्ट होता. गावात जमीन, पाणी आणि पंचायत ज्यांच्या हाती आहे, त्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेला माणूस नागरिक होऊ शकत नाही. शासनाने स्वतंत्र वसाहत दिली नाही. तिच्या जागी पुढे वस्तीची ‘सुधारणा’ आली.

महाराष्ट्रात दलित वस्ती सुधारणेची योजना १९७४ पासून चालू आहे. १९७९-८० पासून विशेष घटक योजना आली आणि लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवण्याचे तत्त्व मान्य झाले. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने २० टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करावेत, असाही दंडक आहे. २०११ च्या शासन निर्णयाने वस्तीच्या लोकसंख्येनुसार अनुदानाच्या पायऱ्या ठरवल्या. अगदी लहान वस्तीला २ लाख, तर तीनशेहून अधिक लोकसंख्येच्या वस्तीला २० लाख रुपये, अशी ती मर्यादा होती. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. योजनेच्या नावातूनही ‘दलित वस्ती’ जाऊन ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ आलेले आहे. नाव बदलणे क्षुल्लक नाही. ज्या नावाने हिणवले गेले ते फलकावरून जाणे आवश्यकच होते. पण फलकावर समतानगर लिहिल्याने नालीचे पाणी बांधीतून पुढे जात नाही.

आता निर्णयाचा प्रश्न. प्रस्ताव ग्रामपंचायतीतून पंचायत समितीकडे, तेथून जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे जातो. वस्ती या साखळीत कोठे आहे? ग्रामसभेत आहे, असे उत्तर मिळते. पण ज्याच्या बांधीवर रोवणीची मजुरी मिळते, त्याच्याच समोर उठून ‘नाली तुमच्या धुऱ्याने काढा’ असे म्हणायला काय लागते, हे मजुरी न केलेल्या माणसाला कळणार नाही. सरपंचपद आरक्षणाने आपल्या माणसाकडे येते तेव्हाही हा हिशेब बदलत नाही. खुर्ची एकाची आणि बहुमत दुसऱ्याचे, हे चित्र या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना नवे नाही.

येथे भंडाऱ्याच्या इतिहासाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. मतदारसंघ दोन सदस्यांचा होता. एक जागा राखीव होती, पण तिच्यावर कोण बसणार हे ठरवणारे मतदार सर्व समाजांचे होते. जागा आमच्या नावाची, निर्णय सगळ्यांचा. १९३२ च्या पुणे करारापासून चालत आलेली ही रचना त्या दिवशी भंडाऱ्यात बाबासाहेबांवरच उलटली. वस्तीच्या निधीची रचना नेमकी तीच आहे. निधी वस्तीच्या नावाचा, निर्णय गावाचा. संयुक्त मतदारसंघाचे तत्त्व राजकारणातून उतरून नालीपर्यंत आले आहे, एवढेच.

त्याच पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. पुढे १९७७ च्या अखेरीस पंचायत राज्याचा फेरविचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले. १९७८ च्या अहवालात त्या समितीने एक शिफारस केली. दुर्बल घटकांसाठी ठेवलेला पैसा खरोखर त्यांच्यावरच खर्च होतो की नाही, याची नियमित सामाजिक तपासणी व्हावी. भंडाऱ्यातून निवडून गेलेल्या माणसाच्या समितीला १९७८ मध्येच हा संशय अधिकृतपणे नोंदवावा लागला होता, ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे. संशय आपला एकट्याचा नाही. फक्त त्याची झळ आपल्या एकट्याला लागते.

दुसरा प्रश्न सेवेचा. या निधीतून होणाऱ्या कामांची यादी पाहा. अंतर्गत रस्ता, नाली, पाणीपुरवठा, वीज, समाजमंदिर. ही सारी प्रामुख्याने बांधकामे आहेत. बांधकामाचे उद्घाटन करता येते, त्याची टक्केवारी काढता येते, त्याला कंत्राटदार लागतो. सेवेला माणूस लागतो आणि तो रोज लागतो. आमच्या मोहल्ल्यातील समाजमंदिर झाले तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. आता कंदिलाखाली अभ्यास करावा लागणार नाही, असे वाटले होते. काही दिवस दिवा लागला. मग बिल थकले आणि दिवा गेला. मग कुलूप लागले. पुढे हंगामात तेथे धानाची पोती रचलेली मी पाहिली, आणि ती पोती मोहल्ल्यातील कोणाची नव्हती. इमारत होती, अभ्यासिका नव्हती. चार भिंतींसाठी लाखो रुपये देणाऱ्या व्यवस्थेने एका दिव्याच्या बिलाची आणि किल्ली सांभाळणाऱ्या एका बाईच्या मानधनाची तरतूद केली नव्हती.

हे असेच असावे लागते काय? योगायोग असा की ज्या १९७४ साली आपल्याकडे वस्ती सुधारणेची योजना आली, त्याच वर्षी अमेरिकेत सामुदायिक विकास अनुदानाचा कायदा झाला. आपल्या पँथरने ज्यांच्यापासून नाव घेतले, त्या काळ्या बांधवांच्या वस्त्याही या अनुदानाच्या कक्षेत येतात. त्या निधीचा किमान ७० टक्के लाभ अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांना झाला पाहिजे, अशी अट आहे. अनुदानाच्या १५ टक्क्यांपर्यंत रक्कम पाळणाघर, वृद्धांची देखभाल, आरोग्य, रोजगार प्रशिक्षण अशा सेवांवर खर्च करता येते. पैसा खर्च करण्याआधी नागरिकांची जाहीर सुनावणी घ्यावी लागते. तेथे सारे आलबेल आहे असे मुळीच नाही. पैसा गरिबांच्या वस्तीऐवजी शहराच्या शोभेकडे वळतो, ही तक्रार तेथेही आहेच. पण सेवा हाही विकास आहे, एवढे त्या कायद्याला कळले. सेवेवर १५ टक्क्यांची मर्यादा आहे म्हणून तेथील कार्यकर्ते कुरकुरतात. आपल्याकडे मर्यादा घालावी इतकीही सेवा योजनेत नाही.

कोणी म्हणेल, रस्ता, नाली, दिवा या किरकोळ गोष्टी आहेत. चळवळीने मोठे प्रश्न हाती घ्यावेत. त्यांना मी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीची आठवण देतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यामागच्या वैराचा एक धागा शेतातून काढायच्या रस्त्याचा होता. वर्षानुवर्षे गावात राहूनही त्या कुटुंबाला पक्के घर बांधता आले नव्हते, हे सत्यशोधन अहवालांत आले आहे. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. म्हणजे रस्ता कोणाच्या शेतातून जायचा आणि घर कोणी बांधायचे नाही, हे ठरवताना गावाला जात दिसते. न्यायनिवाड्याच्या वेळी मात्र ती अदृश्य होते. सुरेखा भोतमांगे यांच्या शेतातून रस्ता मागणारे गाव आणि आमच्या नालीला धुरा न देणारे गाव, यांच्या वृत्तीत अंतर फक्त परिणामाचे आहे. रस्ता आणि नाली किरकोळ नाहीत. गावात सत्ता कोणाची, हे त्यांच्यावरूनच कळते.

आता आपल्याविषयी. या निधीने आपल्यातूनच एक नवा वर्ग घडवला आहे. आपल्याच नावाने कंत्राट घेऊन दुसऱ्याला चालवायला देणारा, मार्चअखेरीस समाजकल्याणच्या दारात दिसणारा, जयंतीच्या व्यासपीठावर पुढच्या रांगेत बसणारा. त्याला शिव्या देणे सोपे आहे. पण आपण शिकलेल्यांनी काय केले? आमच्यापैकी किती जणांनी आपल्या मोहल्ल्याच्या कामाचे अंदाजपत्रक कधी वाचले? आपल्या आत्मकथनांत पाणवठा आला, गावकुस आले, भूक आली. ते लिहिणे ऐतिहासिक होते. पण पाणवठ्याच्या मंजुरीची फाईल आपल्या साहित्यात अजून आलेली नाही. ‘लाभार्थी’ या शब्दाकडेच पाहा. हक्काच्या पैशाला लाभ म्हणायचे आणि हक्कदाराला याचक करायचे, हे काम हा एकच शब्द करतो. मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांनी या शब्दाची समीक्षा केली नाही, तर कोण करणार?

निधी राखीव असणे पुरेसे नसते, हे वरच्या पातळीवरही दिसते. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचा निधी ‘लाडकी बहीण’ योजनेकडे वळवला गेला, तेव्हा खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. ज्या बहिणीला पैसे मिळाले तिच्याशी आपले भांडण नाही. ती आपल्या मोहल्ल्यातही राहते. भांडण हे आहे की तिच्या एका हातात द्यायचे म्हणून तिच्याच वस्तीच्या नालीचे काढायचे, हा निर्णय तिला विचारून झाला नाही. आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ मध्ये उपयोजनेच्या निधीसाठी कायदे केले. तसा कायदा महाराष्ट्रात व्हावा, ही मागणी चळवळीने लावून धरलीच पाहिजे. पण कायदा मुंबईत होईल आणि नाली गावात असेल. मधले अंतर आपल्यालाच चालावे लागेल.

म्हणून मला तीन गोष्टी सुचवायच्या आहेत. एक, वस्तीच्या निधीचा निर्णय आधी वस्तीच्या सभेत व्हावा आणि ग्रामसभेने तो बदलू नये. बायांच्या उपस्थितीशिवाय ती सभा सभा मानू नये, कारण पाणी कोठे साचते हे त्यांनाच ठाऊक असते. दोन, प्रत्येक बांधकामाबरोबर ते चालवण्याचा खर्च मंजूर व्हावा. दिवा, किल्ली, पुस्तके आणि माणूस नसेल तर समाजमंदिर मंजूर करू नये. तीन, महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपापल्या वस्तीच्या एका कामाची कागदपत्रे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागवावीत, आणि मोजमाप पुस्तिका हातात घेऊन त्या कामाच्या जागेवर उभे राहावे. भंडारा, पवनी, लाखांदूर, साकोली, लाखनी, तुमसर, मोहाडी या सात तालुक्यांत असे सातच विद्यार्थी निघाले तरी सुरुवात होईल. आपल्यासारखेच ज्यांना कोणी विचारत नाही त्या ढिवर, गोंड, गोवारी टोल्यांतील मुलांनाही बरोबर घ्यावे. त्यांच्या टोलीतही पाणी असेच साचलेले असते.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या नालीचे अंदाजपत्रक मिळवले. त्यात खोली आहे, रुंदी आहे, सिमेंटचे प्रमाण आहे, उताराची दिशाही आहे. उतार बरोबर बांधीकडे दाखवला आहे. म्हणजे पाणी कोठे जायला हवे, हे कागद तयार करणाऱ्याला ठाऊक होते. जे ठाऊक होते ते विचारायचे राहिले. पुढच्या ग्रामसभेत ते विचारायला मोहल्ल्यातील चार बाया आणि मी जाणार आहोत.