वाऱ्याचीं शिल्पें

शिल्प म्हटलें कीं आपल्याकडील रसिकाच्या डोळ्यांपुढें दगड उभा राहतो. जालना जिल्ह्यास वेरूळ जवळच असल्यामुळें ह्या भागांतल्या माणसास तर तो संस्कार टाळतांच येत नाहीं. आठव्या शतकांत राष्ट्रकूटांच्या कारकीर्दींत डोंगर वरून खालीं खोदीत नेऊन कैलास लेणें निर्माण झालें. नको तेवढें काढून टाकणें हीच तेथील रीत. असा संस्कार झालेल्या वाचकास प्लॅस्टिकच्या कागदांत हवा भरून केलेलें शिल्प दाखविलें, तर ‘हा फुगा आहे’ एवढेंच तो म्हणेल; आणि त्यांत त्याची फारशी चूक आहे असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु प्रश्न इतक्यावर मिटत नाहीं.

द्रव्य हलकें म्हणून कृति हलकी, हें म्हणणें टिकणारें नव्हे. गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ प्लॅस्टरचीच होती, आणि करमरकरांनीं सासवणें येथें सिमेंटांत किती तरी पुतळे घडविले. आक्षेप घ्यावयाचा तर तो दुसऱ्या ठिकाणीं घ्यावा लागेल. प्लॅस्टर काय, सिमेंट काय, हाताचा ठसा धरून ठेवितात. हवा कोणाचाच ठसा घेत नाहीं. ती सर्व बाजूंनीं सारखीच दाबते, आणि म्हणून पडदा आपला गोलवा शोधीत जातो. चौकोनी पिशवी फुगविली तर तिच्या कडा आंत ओढल्या जाऊन चुण्या पडतात, हें कोणीही घरीं पाहून घ्यावें. तेव्हां ह्या कलेंत शिल्पकाराचें काम वस्तुतः शिंप्याचें होय. गोल हवा असेल तर लांबट पाकळ्या बेतून कापावयाच्या, मधें कागद ठेवून त्या इस्त्रीनें जोडावयाच्या. आणि शिवण थोडी तरी गळतेच, म्हणून पंखा सतत चालू ठेवावयाचा. छिन्नी चुकली तर दगड कायमचा दुखावतो. येथें चूक चिकटपट्टीनें बुजते. ही मोठी सोय आहे, पण बहुतेक प्रयोग कंटाळवाणे होतात तेही ह्याच सोयीमुळें.

ह्या प्रकारांतील एक अत्यंत भव्य प्रयत्न मुंबईंत 1954 सालीं जन्मलेले अनीश कपूर यांचा. 2011 सालीं पॅरिसच्या ग्रां पॅले ह्या कांचेच्या छपराच्या इमारतींत त्यांनीं ‘लेव्हायथन’ मांडलें. पीव्हीसीच्या पडद्याचें, सुमारें 35 मीटर उंच, एकमेकांस जोडलेल्या प्रचंड गोलांचें. बाहेरून तें वांग्याच्या रंगाचें. आंत शिरलें कीं पडद्यांतून गाळून येणाऱ्या उजेडानें सर्वत्र लाल, आणि छपराच्या लोखंडी सांगाड्याची सावली कातड्यावरच्या शिरांसारखी पडलेली. आमचें मत असें कीं बाहेरची बाजू ही बव्हंशीं मापाची करामत आहे. तीच वस्तु दहा हात उंचीची असती तर कोणी थबकला नसता. आंतली बाजू मात्र खरोखरीचें शिल्प आहे, कारण दगडास जें कधींही साधावयाचें नाहीं तें तेथें साधलें आहे. कैलासाच्या गाभाऱ्यांतला अंधार दगडाच्या जाडीनें येतो. येथला प्रकाश पडद्याच्या पातळपणानें.

इटलीचे पिएरो मान्झोनी यांनीं 1960 सालीं स्वतःच्या श्वासानें भरलेला फुगा लांकडी पाटावर बसविला. आज लंडनच्या टेट संग्रहालयांत त्याचा सुकून पाटास चिकटलेला रबराचा तुकडा तेवढा आहे. ही थट्टा वाटेल, पण आम्हांस ती अत्यंत प्रामाणिक वाटते. उलट जेफ कून्स यांनीं 1986 सालीं फुगविलेला खेळण्यांतला ससा पोलादांत उतरविला, आणि त्याची एक प्रत 2019 सालीं 9 कोटी 10 लक्ष डॉलरांवर विकली गेली. आकार टिकला, धास्ती गेली. आणि फुग्याचें निम्में सौंदर्य तो केव्हां बसेल ह्या धास्तींतच असतें.

आतां आपल्याकडे असें कांहीं करूं पाहणाऱ्या तरुणांविषयीं. अंबड तालुक्यांतील अंतरवाली सराटी हें गांव 2023 सालच्या मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळें सर्वांस ठाऊक झालें. त्याच मराठवाड्यांत शेततळ्याचा जाड कागद आणि मल्चिंगचा पातळ कागद हीं आज शेतकऱ्याचीं घरचींच द्रव्यें होत, आणि फाटला कीं तो कागद बांधावर पडून राहतो. 2018 सालीं महाराष्ट्र सरकारनें प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. त्यानंतर शिल्पासाठीं नवें प्लॅस्टिक विकत आणणाऱ्यानें कारण सांगावयास हवें. टोमास सारासेनो यांच्या कल्पनेनें 2007 पासून वापरलेल्या पिशव्या जोडून भले मोठे फुगे केले जात आले आहेत. उन्हानें आंतली हवा तापते, हलकी होते आणि फुगा इंधनावांचून वर चढतो. मराठवाड्यांत उन्हाची वाण पडणार नाहीं. पडलीच अडचण तर ती वावटळीची, म्हणून प्रयोग सकाळच्या पहिल्या प्रहरीं करावा. मल्चिंगच्या कागदाची काळी बाजू बाहेर ठेवावी, ती ऊन अधिक शोषिते. परंतु हंगामभर उन्हांत पडलेला कागद घडीवर तडकतो, तेव्हां जोड घालण्यापूर्वीं तो हातानें ताणून पाहावा.