साखर तोडली, उपाशी कोण राहिले?

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी अमृतसरला पत्रकार परिषद घेतली आणि पत्नीच्या चौथ्या टप्प्यातील कर्करोगावर आहाराने मात केल्याचे सांगितले. लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब, तुळस घ्यायची. साखर, दूध, मैदा बंद. संध्याकाळी लवकर जेवून पुढे मोठा लंघनकाळ. टाटा स्मारक रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी लगेच पत्रक काढून लोकांना सावध केले. हा आहार डॉक्टरांच्या उपचारांना जोड म्हणून होता, असा खुलासा मग सिद्धू यांनीही केला. शस्त्रक्रिया आणि रसायनोपचार झालेलेच होते. प्रयोगात एकदम दोन गोष्टी बदलू नयेत, हे आपण आठवीच्या मुलांना शिकवतो. मोठ्यांना त्याचा विसर पडतो.

तपासण्याजोगे आहे ते यामागचे गृहीतक : साखर तोडली की गाठ उपाशी मरते. त्याचे मूळ खऱ्या विज्ञानात आहे. गाठीच्या पेशी प्राणवायू असतानाही ग्लुकोज भराभर वापरून लॅक्टिक आम्ल बनवतात, असे ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला १९२० च्या दशकात आढळले. पेट स्कॅनमध्ये गाठ उजळते ती ग्लुकोजच्या याच ओढीमुळे. निरीक्षण बरोबर, त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक. चहातली साखर थांबवल्याने रक्तातले ग्लुकोज संपत नाही. यकृत ते पुरवत राहते. साठा आटला की स्नायूंतली प्रथिने मोडून त्यांपासून तयार करते. गाठीला तिचा वाटा मिळतोच. झिजतात ते रुग्णाचे दंड आणि मांड्या.

कर्करोगाच्या बऱ्याच रुग्णांचे वजन मुळात घटत असते. त्यांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलोच्या बाईला ५० ते ७५ ग्रॅम. अर्ध्या लिटर दुधातून सुमारे १६ ग्रॅम मिळतात. शाकाहारी घरात तेच बंद केले तर भर कशाने काढणार? कडुनिंबाच्या पाल्याने?

ओळखीच्या एका घरात, तोंड आलेल्या आजींना अनशापोटी लिंबूरस आणि हळदीची गोळी देत. गिळताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. मऊ दहीभात किंवा दुधातले नाचणीचे सत्त्व त्यांना सहज गेले असते, पण पथ्यात ते बसत नव्हते!

लठ्ठपणाचा काही कर्करोगांशी संबंध आहे, म्हणून निरोगी माणसाने गोड कमी खावे हे खरेच. तो सल्ला भूक मेलेल्या रुग्णाला जसाच्या तसा लावणे, ही गफलत. (मधुमेह असल्यास हिशेब वेगळा, डॉक्टरांना विचारावे.) ताटभर जेवण जात नसेल तर दर दोन-अडीच तासांनी वाटीभर द्यावे. खिचडीत डाळ वाढवावी, वर तूप सोडावे. चालत असेल तर पूर्ण शिजलेले अंडे. रसायनोपचारांत पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा बाहेरची चटणी, कच्ची कोशिंबीर आणि कालचे उरलेले टाळावे.

आणि लिंबू? तोंड आलेले नसेल, नुसती चव गेली असेल, तर वरणभातावर चार थेंब जरूर पिळावेत.