ख्रिस्तपुराणांतील ‘वैकुंठ’ : एका शब्दाची चिकित्सा

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाविषयीं मराठींत जें लिहिलें जातें, त्यांत भाषागौरवाच्या ओव्यांचाच उल्लेख पुनःपुन्हां होतो. त्या ग्रंथांत धर्ममत कोणत्या शब्दांनीं मांडलें आहे, याचा विचार क्वचितच केलेला आढळतो. प्रस्तुत लेखांत आम्ही एकच शब्द घेत आहों. श्रद्धेनें व सदाचरणानें आयुष्य घालविणारास देहान्तीं जें पद मिळतें म्हणून ख्रिस्ती शास्त्र सांगतें, त्यास हा ग्रंथकार ‘वैकुंठ’ म्हणतो. नवख्रिस्ती श्रोत्यांच्या कानांस गोड लागावा एवढ्याचसाठीं हा शब्द उसना घेतला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमच्या मतें ती अपुरी आहे.

स्टीफन्स १५४९ सालीं इंग्लंडांत जन्मले, १५७९ त गोव्यास आले आणि १६१९ त वारले. त्यांचें कार्यक्षेत्र गोव्याकडील साष्टी. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ज्या बेटावर वसलीं आहेत तेंही साष्टीच. या नामसाम्यामुळें पुष्कळ घोटाळे झाले आहेत. पुराण १६१६ त रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिहींपैकीं एकाचीही प्रत उपलब्ध नाहीं. सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें जी आवृत्ति काढिली ती हस्तलिखितांवरून. पुढें लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रत जस्टिन अॅबट यांनीं उजेडांत आणिली. तींत पोर्तुगीज शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आहेत. अर्थात् या ग्रंथांतील कोणत्याही एका शब्दावर अनुमान उभारतांना दोन्ही परंपरा समोर ठेविल्या पाहिजेत.

आतां मूळ मुद्दा. मंगलाचरणांत ‘स्वर्ग’ हा शब्द येतो, पण तो पृथ्वीच्या जोडीनें, ईश्वरानें रचिलेल्या वस्तूंमध्यें. म्हणजे तेथें स्वर्ग हें सृष्ट आकाश होय. भक्ताचें अंतिम धाम नव्हे. हा भेद ग्रंथकारानें बुद्धिपुरःसर केला असावा असें आम्हांस वाटतें. आपल्याकडील स्वर्ग हा पुण्याच्या मोबदल्यांत मिळतो आणि पुण्य सरलें कीं जीव पुन्हां मर्त्यलोकीं येतो, हें गीतेच्या नवव्या अध्यायानें घरोघरीं पोंचविलेलें मत आहे. ख्रिस्ती शास्त्रांतील पारितोषिक सरणारें नाहीं. त्या अर्थीं स्वर्ग हा शब्द श्रोत्यांस चुकीच्या वाटेनें नेता. ज्या धामाहून परतणें नाहीं आणि जेथें भोगापेक्षां भगवंताचें सान्निध्य हेंच सुख, असें धाम मराठी श्रोत्यांच्या मनांत एकच होतें, आणि तें वैकुंठ. स्टीफन्स गोव्यास आले तेव्हां एकनाथ हयात होते, हेंही ध्यानांत ठेवावें.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत छळ सोसणारांस स्वर्गांत मोठें प्रतिफळ सांगितलें आहे. त्याच ग्रंथांत द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तांत दिवसभर राबणारास व शेवटच्या घटकेस आलेल्यास एकच दिनार मिळतो. मग हें वेतन म्हणावें कीं दान? १५४७ सालीं ट्रेंटच्या धर्मसभेनें ठरविलें कीं शाश्वत जीवन ही कृपा आहे आणि पारितोषिकही आहे. येशूसंघाचे पाद्री असल्यानें स्टीफन्स यांस हेंच मत सांगणें प्राप्त होतें. नुसतें ‘कर्मफल’ म्हटलें असतें तर कृपा बुडाली असती. भक्तिमार्गांतील वैकुंठ मात्र साधनेनें जोडिलें जातें आणि तरी देवाच्या कृपेवांचून मिळत नाहीं. हा दुहेरी भार पेलणारा दुसरा शब्द त्यांस सांपडला नसता.

तथापि हा शब्द सर्वस्वीं यशस्वी झाला असें आम्ही म्हणत नाहीं. मृतांचें देहासह पुनरुत्थान आणि एकच जन्म, या ख्रिस्ती मतास वैकुंठाच्या कल्पनेंत जागा नाहीं. तीं वेगळीं शिकवावीं लागतात. शिवाय ज्या विष्णूचें हें धाम त्या देवतेचा, व एकूण मूर्तिपूजेचा, निषेध याच ग्रंथांत आहे. घराचें नांव ठेवून धन्यास बाहेर घालावें असा हा प्रकार. बोरिवलीनजीकच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्यांत भिंतीवर कोरिलेला क्रूस ज्यांनीं पाहिला असेल त्यांस आमचें म्हणणें चटकन् उमगेल. फरक इतकाच कीं पाथरवटाच्या छिन्नीखालीं जुनी आकृति गेली, आणि शब्दांतील जुना अर्थ गेला नाहीं. वैकुंठ म्हणतांच मराठी माणसास विष्णु आठवावयाचाच. १५६७ सालीं गोव्याच्या साष्टींतील देवळें पाडिलीं गेल्यावर त्याच भूमींत हें पुराण ऐकविलें गेलें, ही गोष्ट चिकित्सकानें झांकूं नये.

पुढील मिशनऱ्यांनीं हा मार्ग सोडिला. मराठी बायबलांत ‘स्वर्ग’ परत आला, व त्याच्या जोडीस ‘प्रतिफळ’ हा हिशेबी शब्द बसला. अर्थ नेमका झाला खरा. पण ओवीच्या श्रोत्यास जो ओढून घेई तो रस गेला.

उत्तरेकडील साष्टींत काय घडलें हें पाहण्यास दुसरें साधन आहे. फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमारांइश या फ्रान्सिस्कन पाद्र्याचें येशूच्या मरणदुःखावरील पुराण १६५९ सालीं लिस्बन येथें छापिलें गेलें, आणि उत्तर कोंकणांतील ख्रिस्ती लोकांत तें उपवासकाळीं गायिलें जात असे. त्याची भाषा स्टीफन्सच्या मानानें गांवढळ म्हणून विद्वानांनीं तिची उपेक्षा केली. आमच्या दृष्टीनें तीच तिची किंमत. मरोळनजीक कोंदिटें येथील १५७९ सालचें चर्च १८४० च्या सुमारास सांथीमुळें ओस पडलें व तेथील सामान नव्या जागीं गेलें. अशा स्थलांतरांत घरगुती वह्याही हिंडत असतात. मरोळ, गोराई, मनोरी येथील कोणा कुटुंबांत रोमन अगर देवनागरी लिपींतील अशी वही असल्यास संग्राहकांनीं ती शिवण न उसवतां पानोपानीं उतरून घ्यावी, लेखनिकाचें नांव व साल टिपावें, आणि नीतिमानांच्या अंतिम स्थानास तींत वैकुंठ म्हटलें आहे कीं स्वर्ग, तें स्थलनिर्देशासह कळवावें.