भयकथेची चित्रे आणि नञर्थ

पदव्युत्तर वर्गात मेरी शेलीची ‘फ्रँकेनस्टाइन’ ही कादंबरी शिकविण्यास घेतली म्हणजे प्रस्तुत लेखक आरंभी एक साधा प्रश्न विचारीत असतो : फ्रँकेनस्टाइनने निर्माण केलेला प्राणी दिसतो कसा? ज्यांनी कादंबरी अद्याप उघडलेलीही नाही, असे विद्यार्थी या प्रश्नाचे उत्तर निःशंकपणे देतात. सपाट माथा, कपाळावर टाके, मानेत रुतविलेले खिळे, जड पापण्या. परंतु हा चेहरा मेरी शेलीच्या संहितेतला नव्हे. १९३१ सालच्या चित्रपटासाठी जॅक पिअर्स या रंगभूषाकाराने तो बोरिस कार्लॉफ या नटाच्या मुखावर घडविला. संहितेतील प्राणी सुमारे आठ फूट उंच आहे. त्याचे केस काळेभोर व लांब आहेत, दात मोत्यांसारखे शुभ्र आहेत, त्वचा पिवळी असून खालचे स्नायू व धमन्या तिने जेमतेम झाकलेल्या आहेत. डोळे पाणावलेले व निस्तेज, ओठ काळे. निर्मात्याने यांतील अवयव सुंदर म्हणूनच निवडले होते. ते एकत्र आले, सजीव झाले, आणि मग तो भ्याला.

चित्राने संहितेची जागा बळकावल्याचे हे उदाहरण आहे. अशा प्रसंगी आपली टीका बहुधा ‘चित्र संहितेशी प्रामाणिक आहे की नाही’ एवढ्याच प्रश्नापाशी थांबते. परंतु प्रश्न केवळ प्रामाणिकपणाचा नाही, तो व्याकरणाचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. भयकथा भाषेच्या ज्या एका शक्तीवर विसंबून असते, ती शक्ती चित्राला उपजत नाही. ती शक्ती म्हणजे नकार.

भयकथांच्या शब्दसंग्रहाकडे पाहिले असता ही गोष्ट सहज ध्यानात येते. अनाम, अज्ञात, अदृश्य, अमानुष, अवर्णनीय ही सारी विशेषणे नञ् तत्पुरुषाच्या कुळातील होत. वस्तू काय आहे हे न सांगता ती काय नाही एवढेच सांगून भाषा वाचकाच्या मनात एक रिकामी जागा निर्माण करते. चित्रकाराची अडचण येथेच सुरू होते. ‘खोलीत कोणी नव्हते’ हे वाक्य भाषेला सुलभ आहे. चित्रकार फार तर रिकामी खोली काढू शकेल, आणि रिकामी खोली म्हणजे ‘कोणी नव्हते’ हे विधान नव्हे.

तथापि येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. आपल्या वैयाकरणांनी नञ्चे सहा अर्थ सांगितले आहेत : सादृश्य, अभाव, तदन्यत्व, तदल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. या सहांपैकी सर्वच चित्राच्या आवाक्याबाहेर आहेत असे नाही. माणसासारखा परंतु माणूस नव्हे असा आकार कुंचल्याला साधतो. माणसाहून उणा किंवा निंद्य असा आकारही साधतो. साधत नाही तो मुख्यतः अभाव. आणि विरोध साधतो तो मोठ्या कष्टाने. भयकथांच्या सचित्र आवृत्त्यांचे मूल्यमापन करताना, चित्रकाराने नञ्चा कोणता अर्थ पत्करला आणि कोणता सोडून दिला, हा प्रश्न उपयोगी पडावा.

‘फ्रँकेनस्टाइन’ची पहिली आवृत्ती १८१८ साली तीन खंडांत निघाली. तीत लेखिकेचे नावही नव्हते आणि चित्रेही नव्हती. १८२३ साली लंडनच्या रंगभूमीवर या कथेचे नाट्यरूपांतर आले, तेव्हा जाहिरातपत्रकातील पात्रयोजनेत त्या प्राण्याच्या नावाच्या जागी केवळ रेघ छापली होती. मेरी शेलीने ते पत्रक पाहिले आणि अनामिकाला अनाम ठेवण्याची ही रीत तिला आवडली. छपाईच्या साधनांनी अभाव दाखविण्याचा हा पहिला यशस्वी प्रयत्न म्हणावा लागेल. परंतु तो चित्राने नव्हे, एका रेघेने केला.

चित्र आले ते १८३१ साली. कोलबर्न आणि बेंटली यांच्या एकखंडी आवृत्तीच्या मुखपृष्ठासमोरील पानावर थिओडोर फॉन होल्स्ट याच्या चित्रावरून कोरलेला ठसा छापला गेला. होल्स्ट हा फ्यूझेली या चित्रकाराचा शिष्य. त्याच्या चित्रातील प्राणी जमिनीवर अर्धवट उठून बसला आहे, जवळच हाडांचा सापळा पडला आहे, आणि व्हिक्टर दारातून बाहेर निसटतो आहे. प्राणी टेबलावर नसून जमिनीवर आहे, हे संहितेला धरूनच आहे. निर्जीव देह निर्मात्याच्या पायांशी पडला होता असेच कादंबरी सांगते. पण महत्त्वाचे आहे ते त्याचे मुख. त्या मुखावर क्रौर्य नाही, आहे तो गोंधळ. देह प्राचीन शिल्पातील वीरपुरुषासारखा पिळदार आहे. होल्स्टने नञ्चा सादृश्य हा अर्थ पत्करला : हा माणूस नव्हे, पण माणसासारखा आहे. चित्रपटाने पुढे तदन्यत्व पत्करले, आणि लोकांच्या मनात तेच रुजले.

चित्रपटानंतरच्या दोन आवृत्त्या येथे लक्षात घेण्याजोग्या आहेत. १९३४ साली अमेरिकेत लिंड वॉर्ड याच्या काष्ठकोरीव चित्रांसह एक आवृत्ती निघाली. वॉर्डने भयाचा भार चेहऱ्यावरून काढून देहाच्या वळणांवर टाकला. वाकलेल्या, दुमडलेल्या त्या प्रचंड शरीरात एकाकीपणा दिसतो. १९८३ साली बर्नी राइटसन याची सुमारे पन्नास रेखाचित्रे असलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. राइटसनने कार्लॉफचा चेहरा बाजूला ठेवून संहितेतील लांब काळे केस परत आणले. त्याची चिकाटी आणि रेषेवरील हुकमत वादातीत आहे. तरीही त्याच्या सर्वांत गाजलेल्या, प्रयोगशाळेच्या चित्राविषयी एक आक्षेप नोंदविणे भाग आहे. ते चित्र काचेच्या चंबूंनी, नळ्यांनी आणि भांड्यांनी काठोकाठ भरले आहे. मेरी शेलीचा व्हिक्टर मात्र आपली कृती सांगण्याचे हेतुपुरस्सर नाकारतो, कारण ऐकणाऱ्याने ती करून पाहू नये अशी त्याची इच्छा असते. कादंबरीतील हे मौन अनवधानाचे नव्हे, तो व्हिक्टरच्या पश्चात्तापाचा भाग आहे. जेथे संहितेने अभाव ठेवला, तेथे चित्रकाराने शंभर वस्तू ठेवल्या. चित्र देखणे झाले, पण पश्चात्ताप नाहीसा झाला.

अभाव चित्रात आणणे मग अशक्यच आहे काय? एम. आर. जेम्स यांच्या १९०४ सालच्या पहिल्या कथासंग्रहाकडे पाहिल्यास तसे म्हणवत नाही. जेम्स यांचे मित्र जेम्स मॅकब्राइड हे या पुस्तकासाठी चित्रे काढीत होते; परंतु त्याच वर्षी त्यांचे अकाली निधन झाले आणि आठ कथांच्या त्या पुस्तकाला चारच चित्रे लाभली. जुन्या शिट्टीच्या कथेत प्राध्यापक पार्किन्स यांच्या खोलीतील रिकाम्या पलंगावरून काहीतरी उठते. त्याला स्वतःचा देह नाही. त्याने पलंगावरची चादर पांघरून देह उसना घेतला आहे, त्याचा चेहरा म्हणजे चुरगळलेले कापड, आणि ते आंधळ्यासारखे चाचपडत पुढे सरकते. मॅकब्राइड यांनी नेमके एवढेच काढले. कापडाच्या वळ्या दिसतात, पुढे आलेले हात दिसतात. कापडाच्या आत कोण आहे हे चित्रात नाही, कारण आत कोणी नाहीच. कथाकाराने अभावाला वस्त्र दिले होते, म्हणून चित्रकाराला तो रेखाटता आला.

इंग्रजीत अशा वस्तूसाठी नपुंसकलिंगी सर्वनाम योजले जाते. मराठी अनुवादकाजवळ ‘ते’ आहे, आणि वरवर पाहता त्याचे काम सोपे वाटते. परंतु आपले ‘ते’ इतके थंड नाही. ते लेकरू, ते वासरू, ते पिल्लू असे आपण मायेने म्हणतो. कोकणीत तर लहान मुलीसही नपुंसकलिंगच लागते. म्हणजे मराठीत ‘ते’ भयावह करण्यासाठी भोवतालच्या वाक्यांना श्रम करावे लागतात. चित्रकाराजवळ तर सर्वनामच नाही. त्याने आकृती काढली की बघणारा तिला बहुधा ‘तो’ किंवा ‘ती’ ठरवून मोकळा होतो. मॅकब्राइड यांच्या चित्रापुढे मात्र आपली जीभ ‘ते’पाशीच अडखळते, हे त्या चित्राचे यश होय.

विरोधाचे उदाहरण एडगर ॲलन पो याच्या १८४५ सालच्या व्हाल्डेमारविषयक कथेत सापडते. मरणाच्या क्षणी संमोहित केलेला मनुष्य सुमारे सात महिने तसाच राहतो, आणि त्याच्या निश्चल जबड्यातून, केवळ जिभेच्या कंपनाने, आपण मृत असल्याचे सांगतो. १९७३ साली रोलाँ बार्त यांनी या कथेचे विवेचन करताना हे विधान भाषेत अशक्य असल्याचे दाखविले. आपल्याकडे दचकलेली बाई ‘मेले ग बाई!’ असे दिवसातून चार वेळा म्हणते आणि कोणी घाबरत नाही, कारण ते वाक्य ज्या जिवंत मुखातून येते ते मुखच त्याचे खंडन करीत असते. पोच्या कथेत हे खंडन करणारे कोणी उरत नाही. भय या व्याकरणिक विरोधात आहे. देहाच्या विघटनात नाही, ते नंतर येते.

डब्लिनचे काचचित्रकार हॅरी क्लार्क यांनी पोच्या कथांची जी सचित्र आवृत्ती १९१९ साली सिद्ध केली आणि जिच्यात १९२३ साली आठ रंगीत चित्रांची भर पडली, तीत या कथेचेही चित्र आहे. उत्तमपुरुषी विधान चित्रात येणार नाही हे उघड आहे. क्लार्क यांनी शेवटचा, देह विरघळण्याचा क्षण निवडला. येथे भयानकाची जागा बीभत्साने घेतली जाण्याचा धोका होता, आणि काही अंशी तसे झालेही आहे. परंतु क्लार्क यांची रेषा दागिने घडविणाऱ्या सोनाराची आहे. सडणारी त्वचा आणि वस्त्रावरील नक्षी एकाच सूक्ष्म, लालित्यपूर्ण रेषेने काढलेली असल्यामुळे डोळा आकर्षित होतो आणि त्याच क्षणी मागे हटतो. व्हाल्डेमारच्या वाक्यातला विरोध त्यांनी वाक्यात नव्हे, शैलीत आणला. संहितेच्या एका गुणाला दुसऱ्या माध्यमात समतुल्य शोधणे म्हणतात ते हेच.

या चर्चेत काफ्काच्या ‘रूपांतर’ या कथेला स्थान देणे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर तेथेच आहे. १९१५ साली पुस्तक छापले जात असताना मुखपृष्ठावर तो कीटक मुळीच काढू नये, दुरूनही दाखवू नये, असे काफ्काने प्रकाशकास लिहून कळविले. त्याने मूळ जर्मनमध्ये योजलेला शब्दही नकारात्मक उपसर्गाचाच आहे. व्युत्पत्तीने त्याचा अर्थ ‘बळी देण्यास अयोग्य असा प्राणी’ असा होतो. आपल्या ‘अमेध्य’ या शब्दाचा प्रवासही यज्ञास अयोग्य येथून घाण या अर्थापर्यंत असाच झाला आहे. अशा शब्दाचे चित्र काढताच तो अमुक जातीचा किडा होतो आणि त्यातला ‘अ’ गळून पडतो. मुखपृष्ठकार ओटोमार श्टार्के याने किडा काढला नाही. त्याने काढला काळोखाकडे उघडलेला दरवाजा, आणि त्याच्याकडे पाठ करून दोन्ही हातांनी तोंड झाकून चाललेला एक माणूस.

भरतमुनींच्या परिभाषेत सांगायचे तर श्टार्केने विभाव वगळून केवळ अनुभाव रेखाटला. भयाचे कारण न दाखविता भ्यालेला माणूस दाखविला, की नकार चित्रात येऊ शकतो; उलट कारणच डोळ्यांपुढे मांडले, की भयानक रस फार वेळ टिकत नाही, त्याचा बीभत्स होतो किंवा केवळ कुतूहल उरते. होल्स्टच्या चित्रातही दारातून निसटणारा व्हिक्टर हा अनुभावच आहे, आणि ते चित्र आजही जिवंत वाटते याचे श्रेय प्राण्याच्या मुखाइतकेच त्या पळणाऱ्या माणसाला दिले पाहिजे.

हा सारा विचार केवळ पुस्तकांच्या सजावटीपुरता नाही. ‘फ्रँकेनस्टाइन’च्या मध्यावर तो अनाम प्राणी एका कुटुंबाच्या घराशेजारी लपून राहतो आणि भिंतीपलीकडचे बोलणे ऐकत ऐकत भाषा शिकतो. धीर एकवटून तो बोलायला जातो तो त्या घरातील दृष्टिहीन वृद्धाकडे. वृद्ध त्याचे म्हणणे शांतपणे, सहानुभूतीने ऐकून घेतो. तेवढ्यात वृद्धाचा मुलगा येतो, प्राण्याला पाहतो, आणि काठीने मारून हाकलून देतो. संपूर्ण कादंबरीत त्याचे बोलणे निर्भयपणे ऐकणारा माणूस हा एकच, आणि त्याला दिसत नाही. मेरी शेलीने कान आणि डोळा यांचा असा खटला मांडला आहे, आणि निकाल कानाच्या बाजूने दिला आहे.

चित्राविना छापलेली संहिता वाचकाला त्या वृद्धाच्या आसनावर बसविते : आपण प्राण्याची दीर्घ कैफियत ऐकतो, त्याला पाहत नाही. सचित्र आवृत्ती आपल्याला दारात उभ्या असलेल्या मुलाच्या जागी नेऊन ठेवते. म्हणून चित्रे असू नयेत असे म्हणणे नाही. होल्स्ट, मॅकब्राइड, क्लार्क यांची चित्रे म्हणजे त्या संहितांवरील उत्तम टीकाच होत. परंतु विद्यार्थ्याने पहिले वाचन चित्राविना करावे आणि नंतरच चित्रे पाहावीत, इतका क्रम आपण अध्यापनात तरी पाळावा. वृद्धाने ज्याचे बोलणे ऐकले त्याचे बोलणे आपणही आधी ऐकून घ्यावे. त्यानंतर तो दिसला, तर काठी उचलण्यापूर्वी आपला हात क्षणभर तरी थांबेल.