सॅक्सोफोन स्टँडवर टेकवला, पण तुलना कशाशी केली?

सॅक्सोफोन गळ्यातल्या पट्ट्याला अडकवूनच वाजवायचा, हे इतकं मुरलंय की कोणी तो जमिनीवरच्या स्टँडवर टेकवून वाजवताना दिसला की लोक आधी विचारतात, "काही दुखतंय का?" त्यावर स्टँडच्या बाजूचा युक्तिवाद ठरलेला असतो: वजन जमिनीवर गेलं, मानेवर पट्ट्याचा भार उरला नाही, म्हणजे मानेचं दुखणं संपलं. यातली पहिली दोन विधानं मान्य. तिसरं मात्र त्यांच्यातून आपोआप निघत नाही. संशोधनाचा विषय शोधत असाल तर इथे जरा थांबा.

आल्टो सॅक्सोफोन साधारण २.५ किलोचा, टेनर ३.५ च्या आसपास, बॅरिटोन त्याहून बराच जड. २.५ किलो म्हणजे सुमारे २५ न्यूटन. पट्टा मानेच्या मागे, वाद्य पुढे. ओढ खाली आणि पुढे. ती सावरायला मानेमागचे स्नायू काम करत राहतात. आकडा फार मोठा नाही, पण दोन तासांच्या तालमीत ही ओढ फारशी सुटत नाही. म्हणून प्रयोगशाळेत दहा मिनिटं वाजवायला लावून ईएमजीने स्नायूंची विद्युत सक्रियता मोजली, तर मूळ तक्रार हातून निसटण्याचीच शक्यता जास्त.

मोठी अडचण पुढेच आहे. पट्ट्यावरचं वाद्य शरीराबरोबर फिरतं. वाजवणारा वाकला, वळला, श्वासाबरोबर छाती वर आली, की माउथपीसही सोबत येतो. स्टँडवर टेकवलं की तो बऱ्यापैकी एका जागी राहतो आणि डोक्याला त्याच्याकडे जावं लागतं. स्टँड दोन इंच खाली लागला तर? वजन गेलं आणि तासभराचं वाकणं आलं. अशा वेळी 'स्टँडसह' आणि 'स्टँडशिवाय' असे दोनच गट केले तर खरा व्हेरिएबल, म्हणजे उंची, त्यात गडप होतो.

आता तुम्ही म्हणाल, बास क्लॅरिनेट तर सर्रास खालच्या खुंटीवर टेकवूनच वाजवतात, त्यांचं काय अडलं? आक्षेप रास्त आहे. पण ते बहुधा बसून वाजवतात. सॅक्सोफोनवाल्यांना उभं राहून पट्टा आणि बसून स्टँड असं वाजवायला लावलंत, तर तुम्ही स्टँड नाही, खुर्ची मोजली! शिवाय उभं राहणं हीच 'नॉर्मल' स्थिती, असं कोणी ठरवलं? कद्री गोपालनाथ मांडी घालून बसून सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवत. आणि खांद्यांवर वजन वाटणारा हार्नेसही बाजारात मिळतो. तो तुलनेतून वगळला की स्टँड आयताच जिंकतो.

आवाज बिघडतो का, हा प्रश्न त्या मानाने सोपा. वाजवणाऱ्यापासून स्टँड लपवता येत नाही, ऐकणाऱ्यापासून येतो. रेकॉर्डिंग करा, क्रम उलटसुलट करा, परीक्षकांना काही सांगू नका. फक्त आधी काही आठवडे सवयीला द्या. वीस वर्षं पट्ट्यावर वाजवलेला माणूस पहिल्या दिवशी स्टँडपाशी अवघडणारच.

मला सर्वात खटकते ती सहभागींची निवड. हाताशी असतात म्हणून कॉलेजातली धडधाकट मुलं घ्यायची आणि निष्कर्ष सगळ्यांवर लादायचा. ज्याच्या मानेच्या मणक्यात गादी सरकलीय, ज्याला खांद्यावर काही पेलवत नाही, त्याच्यासाठी 'पट्टा की स्टँड' हा प्रश्नच नसतो. त्याचे पर्याय दोनच: स्टँड किंवा वाद्य पेटीत. त्याच्याबाबतीत स्नायूंचे आलेख दुय्यम. तो सलग किती मिनिटं वाजवू शकला, दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं का, आणि महिन्याभराने तालमीला येतोय का, हे मोजा. त्यासाठी नमुना लहान ठेवावा लागला तरी चालेल; प्रत्येकाची नोंद मात्र काही महिने ठेवा.