धर्मादायाच्या गद्यातील मूल

१

परदेशातील दरिद्री व अनाथ मुलांना ख्रिस्ती समाजांनी दिलेले साहाय्य हा इतिहासाचा आणि समाजशास्त्राचा विषय समजला जातो. तो वाङ्मयाचाही विषय आहे, याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. सातासमुद्रापलीकडील दात्याला मूल प्रत्यक्ष दिसत नाही. वृत्तांत, पत्र, आवाहन, छायाचित्राखालील दोन ओळी यांतून तो ते वाचतो आणि जे वाचतो त्यावर दान देतो. सबब दानाचा ओघ गद्यावर अवलंबून राहतो, आणि त्या गद्याचे गुणदोष मुलाच्या वाट्याला येतात.

कोल्हापुरापुरता या गद्याचा आरंभ रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यापासून धरता येतो. वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरास आला. मिशनने शाळांवर कितपत शक्ती खर्चावी, हा त्या काळी अमेरिकन बोर्डात मोठ्या वादाचा प्रश्न होता. शाळा आवरत्या घेण्याच्या धोरणाला विरोध करून त्याने १८६१ मध्ये भारतातील मिशन-शाळांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. येथील मुलांची बाजू मांडणारा हा ग्रंथ इंग्रजीत, अमेरिकन वाचकांसाठी लिहिलेला आहे. ज्यांच्या शिक्षणाचा प्रश्न होता ती मुले व त्यांचे आईबाप हा त्याचा वाचकवर्ग नव्हे. या वाङ्मयाची मूळ अडचण येथेच आढळते : ते ज्यांच्याविषयी लिहिले जाते ते एक, आणि ज्यांच्यासाठी लिहिले जाते ते दुसरे.

या अडचणीचे टोक नामकरणाच्या प्रथेत दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिलोनमधील जाफना येथील अमेरिकन मिशनच्या शाळांत दात्याने मुलाचा खर्च उचलावा व मुलाने दात्याने सुचविलेले नाव धारण करावे, अशी पद्धत होती. अमेरिकेतील चेरोकी जमातीचा गालेगिना हा मुलगा मिशन-शाळेत जाताना आपल्या हितकर्त्याचे नाव घेऊन एलायस बूडिनॉट झाला व त्याच नावाने इतिहासात राहिला. देणाऱ्याला आपले दान डोळ्यांपुढे असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती इच्छा पुरविताना मुलाचे नाव, म्हणजे त्याचे कुळ, गाव आणि भाषा यांची खूण, खर्ची पडली.

२

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत गुंतागुंतीचे रूप पंडिता रमाबाईंच्या लेखनात आढळते. फिलाडेल्फिया येथून १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या ग्रंथाची रचना पाहण्यासारखी आहे. बालपण, वैवाहिक जीवन, धर्मातील व समाजातील स्थान, वैधव्य अशी प्रकरणे क्रमाने येतात आणि अखेरचे प्रकरण आवाहनाचे आहे. सारा ग्रंथ या शेवटच्या प्रकरणाकडे उतरत जातो. बालविधवेचे दुःख त्यात खोटे नाही. ते रमाबाईंनी जवळून पाहिलेले होते. तथापि आवाहनाच्या सोयीसाठी त्या दुःखाला एकच रंग द्यावा लागला. ज्या आईने रमाबाईंना संस्कृत शिकविले त्या लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या स्मृतीस हा ग्रंथ अर्पण केलेला आहे. म्हणजे ग्रंथातील सर्वसाधारण चित्राला अपवाद ठरणारी स्त्री अर्पणपत्रिकेत उभी आहे.

या आवाहनाला फळ आले. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिने दहा वर्षांच्या साहाय्याची हमी घेतली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. परंतु चित्रावर उभे राहिलेले दान त्या चित्राला बांधले जाते. १८९५ च्या आरंभी स्वामी विवेकानंदांनी अमेरिकेत हिंदू विधवांच्या स्थितीविषयी वेगळे चित्र मांडले, तेव्हा ब्रुकलिन येथील रमाबाई मंडळाने त्याला जाहीर हरकत घेतली. या वादात तथ्य कोणाकडे अधिक होते, हा येथील मुद्दा नाही. विधवेच्या स्थितीचे वर्णन हा दात्यांच्या जिव्हाळ्याचा व प्रतिष्ठेचा विषय होऊन बसला होता, हे या प्रसंगाने उघड केले. तो वाद परक्या भूमीवर आणि परक्या भाषेत झाला. जिच्याविषयी झाला ती त्या सभागृहात नव्हती.

असे असता रमाबाईंची गणना केवळ आवाहनकर्त्यांत करणे अन्यायाचे ठरेल. शारदा सदन निघाले त्याच १८८९ साली त्यांचा ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात निरीक्षणाचा विषय दाता आहे : त्याचे घर, त्याचे शिक्षण, त्याचे धर्मपंथ व परोपकारी संस्था. अमेरिकन स्त्रियांच्या संघटनशक्तीविषयी त्यात मनापासून आदर आहे. गुलामगिरीची आणि तेथील मूळ रहिवाशांवरील अन्यायाची परखड दखलही आहे. एकाच लेखणीने इंग्रजीत दात्याला आपला समाज दाखविला आणि मराठीत आपल्या समाजाला दाता दाखविला. हे दोन ग्रंथ जोडीने वाचल्याखेरीज रमाबाईंच्या धर्मादायविषयक विचाराचे माप घेता येत नाही. एकटा इंग्रजी ग्रंथ वाचणाऱ्यास त्या याचक वाटतील. एकटा मराठी ग्रंथ वाचणाऱ्यास प्रवासी.

३

साहाय्य घेणाऱ्याने स्वतः बोलावे, ही गोष्ट मराठीला अपरिचित नव्हती. १८४२ पासून निघणाऱ्या अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदया’त १८५५ मध्ये मुक्ता साळवे या शाळकरी मुलीचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती फुल्यांच्या शाळेतील विद्यार्थिनी. मिशनच्या दानावर पोसलेली नव्हे. पण मिशनच्याच नियतकालिकात ती दयेचा विषय म्हणून न येता वादी म्हणून उभी राहिली. तिच्या निबंधात दुःखाचे वर्णन आहे, त्याबरोबर दुःख देणाऱ्याला विचारलेला जाबही आहे. आवाहनाच्या गद्याला हा जाब सहसा पेलत नाही; दात्याचे मन मोडेल अशी भीती त्यास असते.

याहून बोलका पुरावा ‘माझे पुराण’ (१९४४) या बाया कर्वे यांच्या आत्मकथनाचा आहे. बालपणीच विधवा झालेली गोदू जोशी शारदा सदनात शिकली, १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि पुढे ती बाया कर्वे म्हणून ओळखली गेली. बोस्टनच्या वृत्तांतांत अशी मुलगी एक ‘उद्धरलेली विधवा’ म्हणून संपते. आत्मकथनात तिचे आयुष्य तेथे संपत नाही. कोकणातले कष्ट, माहेर-सासरची माणसे, रमाबाईंविषयीची कृतज्ञता आणि त्याबरोबरच स्वतःची स्वतंत्र मते असे सारे त्यात एकत्र नांदते. शारदा सदनात राहूनही तिने धर्मांतर केले नाही; कर्व्यांच्या संस्थेसाठी पुढे ती स्वतः वर्गणी गोळा करू लागली. दानाचे खरे साफल्य घेणारा देणारा होण्यात असेल, तर त्याची साक्ष दात्याच्या कागदपत्रांत नव्हे, या पुस्तकात मिळते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये (पहिला भाग १९३४) आणखी एक बाजू दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात पोरकी झालेली मुले टिळकांच्या घरी येऊन राहिली. मिशनच्या अहवालात अशा मुलांची संख्या येते, प्रति मूल खर्च येतो, उपाशी देहाचे आणि धडधाकट देहाचे जोडचित्र येते. लक्ष्मीबाईंच्या कथनात ही मुले घरातली आहेत. स्वयंपाक, पैशांची ओढाताण आणि नवऱ्याच्या उदारपणाने होणारी बायकोची तारांबळ यांतून ती वावरतात. विनोद हे लक्ष्मीबाईंचे मोठे शस्त्र. ज्या मुलाविषयी हसता येते, ज्याच्यावर रागावता येते, ते मूल करुणेचे प्रतीक राहत नाही. ते माणूस होते. आवाहनाच्या गद्याला विनोद वर्ज्य असतो, ही त्याची लहानशी दिसणारी पण फार मोठी उणीव आहे.

४

येथे एक आक्षेप संभवतो. उपासमारीने मरणाऱ्या मुलाला अन्न हवे असते, वाङ्मयीन न्याय नव्हे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या; एकरंगी आवाहने निघाली नसती तर त्या जगल्या असत्या काय? हा आक्षेप हलका नाही. विसाव्या शतकातील अनुभवही त्याला बळ देतो. १९५० मध्ये वर्ल्ड व्हिजन आणि १९५२ मध्ये कम्पॅशन या संस्था निघाल्या व ‘एक दाता, एक मूल’ ही जुनी कल्पना नव्याने जगभर पसरली. ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतासह सहा देशांतील कम्पॅशनच्या मुलांची पुढील आयुष्ये तपासली. अशा मुलांचे शालेय शिक्षण इतरांपेक्षा सुमारे एक ते दीड वर्षाने अधिक झाल्याचे त्यांना आढळले. तेव्हा हे साहाय्य निष्फळ होते असे म्हणता येणार नाही.

परंतु परिणाम चांगला झाला म्हणून साधन निर्दोष ठरत नाही. १९८२ साली ‘न्यू इंटरनॅशनॅलिस्ट’ या मासिकाने मूल दत्तक घेण्याच्या या पद्धतीविरुद्ध एक अंकच काढला. दूरच्या दात्यावर टेकलेल्या रचनेचा ठिसूळपणा पुढे भारतातही दिसला. परकीय देणग्यांसाठी पूर्वपरवानगीची अट लागू झाल्यावर मार्च २०१७ मध्ये कम्पॅशनला येथील काम थांबवावे लागले, आणि लाखाहून अधिक मुलांचा आधार एकाएकी सुटला. मुलाचे नाते गावाशी, शाळेशी, शेजाराशी न जोडता दात्याशी जोडले की असे होते.

या संदर्भात कोल्हापुरातील वसतिगृहांचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. थोरांची नावे येथेही दिली गेली; पण ती इमारतीला दिली गेली. आत राहणारा मुलगा आपल्याच नावाने शिकला आणि आपल्याच नावाने मोठा झाला. जातवार वसतिगृहांच्या मर्यादा अभ्यासकांना ठाऊक आहेत. तरीही पाटी कोठे लावावी, भिंतीवर की मुलावर, या प्रश्नाचे उत्तर त्या व्यवस्थेने योग्य दिले.

मिशनच्या इंग्रजी कागदपत्रांवर काम करणाऱ्या संशोधकाने यावरून एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. अहवालात जे मूल एकटे, निनावी व नातेवाइकांविना दिसते, ते वास्तवात तसे होते असे गृहीत धरू नये. ते एकटेपण पुष्कळदा गद्याच्या गरजेतून आलेले असते. आत्मकथने, नियतकालिके, कौटुंबिक पत्रव्यवहार असा मराठीतील पुरावा शेजारी ठेवला, म्हणजे त्या मुलाला आईबाप मिळतात, गाव मिळते, आणि प्रसंगी दात्यालाही उलट प्रश्न विचारणारी वाणी मिळते. दात्याचे ऋण मान्य करावे. पण मुलाची साक्ष दात्याच्या वहीतून काढू नये.